समुद्रतळावरचा गाळ वेगही देतो आणि लगामही घालतो

मा. संपादक,
स. न.

समुद्राखालच्या केबल तुटल्याच्या बातम्यांत ‘तळावर दरड कोसळली’ एवढेच कारण अनेकदा दिले जाते. दरड ही बहुधा केवळ सुरुवात असते. शेकडो किलोमीटर केबल तोडत जातो तो गाळाने जड झालेल्या पाण्याचा लोंढा. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी आजच्या कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेस भूकंप झाला, तेव्हा केंद्राजवळच्या केबल तत्काळ तुटल्या, परंतु उतारावरून खाली, खोल पाण्यात असलेल्या केबल त्यानंतरच्या सुमारे १३ तासांत क्रमाने एकेक करून तुटत गेल्या. या क्रमावरूनच १९५२ साली हीझेन आणि युइंग या सागरतळाच्या अभ्यासकांनी त्या लोंढ्याचा माग काढला.

गाळमिश्रित पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे उतारावरून धावते. धावताना उठणारे भोवरे कणांना तळाशी बसू देत नाहीत, उलट तळाचा आणखी गाळ उकरून घेतात, आणि त्यामुळे लोंढा अधिकच जड व वेगवान होतो. २०२० च्या जानेवारीत काँगो नदीच्या मुखापुढील सागरी घळईतून निघालेला असा लोंढा ११०० किलोमीटरहून अधिक लांब गेला आणि वाटेत त्याचा वेग सेकंदाला ५ मीटरवरून ८ मीटरवर पोहोचला. सर्वसामान्य वाचकांसाठीचे वर्णन बहुधा इथेच थांबते आणि गाळ जितका जास्त तितका प्रक्षोभ (म्हणजे भोवऱ्यांची खळबळ) जास्त, असा समज मागे राहतो. तो समज दूर व्हावा, म्हणून हे पत्र.

लोंढ्यातला गाळ तळालगत दाट आणि वर विरळ असतो. त्यामुळे एखादा भोवरा तळाजवळचे पाणी वर उचलतो तेव्हा त्याला जड पाणी उचलावे लागते, आणि वरचे पाणी खाली दाबतो तेव्हा हलके पाणी दाबावे लागते. दोन्ही कामांना लागणारी ऊर्जा भोवऱ्यांच्याच गतीतून खर्च होते. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार, जड हवा वर मिसळत नाही आणि धूर खालीच पसरून राहतो, त्यामागेही हेच कारण आहे. घनतेतल्या फरकाचा हा विरोध आणि थराथरांच्या वेगातल्या फरकातून भोवऱ्यांना मिळणारे बळ यांच्या गुणोत्तराला रिचर्डसन अंक म्हणतात. तो साधारण ०.२५ च्या वर गेला की भोवरे टिकणे अवघड होते.

कणांच्या आकारालाही येथे मोठे महत्त्व आहे. ०.०२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला जेमतेम तृतीयांश मिलिमीटर खाली येतो, तर ०.२ मिलिमीटरचा वाळूचा कण सुमारे दोन सेंटिमीटर. भरड कण तळाशी गोळा होऊन खालच्या-वरच्या पाण्याच्या घनतेतला फरक तीव्र करतात, म्हणून त्यांचे प्रमाण थोडे असले तरी ते प्रक्षोभ दाबू शकतात. संगणकीय प्रतिरूपांत तर एक मर्यादा ओलांडताच प्रक्षोभ हळूहळू ओसरण्याऐवजी तळालगत पूर्णपणे विझतो, असे दिसले आहे. त्यानंतर कणांना वर धरणारे काही उरत नाही, गाळ खाली बसू लागतो, आणि ज्या जडपणावर लोंढा धावत होता तोच संपतो. चिकणमातीचे वागणे आणखी निराळे आहे. तिचे कण एकमेकांना चिकटून जाळे धरतात. प्रयोगशाळेतल्या प्रवाहांत थोड्या मातीने प्रक्षोभ आधी वाढतो आणि माती बरीच वाढली की मधला भाग घट्ट गोळ्यासारखा, जवळजवळ भोवऱ्यांविना सरकू लागतो.

तेव्हा एखादा लोंढा केबलपर्यंत पोहोचेल की वाटेतच विरेल, हे केवळ दरडीच्या आकारावरून किंवा एकूण गाळावरून सांगता येणार नाही. तळापासून वेगवेगळ्या उंचीवर किती आणि कोणत्या आकाराचा गाळ आहे, हे मोजावे लागेल. नेमके तिथेच मोजमाप सर्वांत कठीण असते, कारण ध्वनिलहरींनी वेग मोजणाऱ्या उपकरणांना तळालगतच्या दाट थरातून भरवशाचे संकेत मिळत नाहीत, आणि जोरदार लोंढ्यात उपकरणेच वाहून जाण्याची भीती असते. केबल टाकणाऱ्या कंपन्यांनी आणि संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांनी या थराच्या मोजणीसाठी वेगळी तरतूद करावी, आणि आपल्या दैनिकाने अशा बातम्या देताना ‘दरड’ या शब्दापुढे जाऊन गाळाच्या या दुहेरी कामाचीही माहिती वाचकांना द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक