आपल्याकडे न मिळणारा कॅमेरा मागवताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पेंटॅक्स के-3 मार्क थ्री मोनोक्रोम हा फक्त कृष्णधवल फोटो घेणारा कॅमेरा घ्यायचं तुझं जवळजवळ ठरलंय, कंपनी तो आपल्याकडे विकत नाही, तेव्हा परदेशातून मागवावा का, असं तू विचारतोस. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: मागव. फक्त कॅमेऱ्यासोबत कंपनी येणार नाही, हे मनाशी पक्कं करून मागव. दुरुस्ती, सुटे भाग, तक्रार ऐकून घेणारं माणूस, या सगळ्याचे पैसे अधिकृत दुकानातल्या किमतीत धरलेले असतात. बाहेरून आणलेल्या कॅमेऱ्यात ती सगळी जबाबदारी तुझ्या अंगावर येते. ती पेलायची तयारी असेल तर बिनधास्त पुढे जा.

इथे मिळणारंच एखादं मॉडेल चार पैसे वाचवायला तू बाहेरून आणणार असतास, तर मी सरळ नको म्हटलं असतं. वाचलेली रक्कम एका मोठ्या दुरुस्तीत निघून जाते. पण तुझी गोष्ट वेगळी आहे. फक्त कृष्णधवल चित्र घेणारे डिजिटल कॅमेरे जगात मोजकेच आहेत. लायकाने 2012 मध्ये एम मोनोक्रोम काढला, त्यानंतर आणखी काही काढले. पेंटॅक्सचा हा 2023 मध्ये आला. साध्या रंगीत सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावर, बारीक रंगीत फिल्टरांची जाळी असते, दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग दिसतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. तुझ्या कॅमेऱ्यात ही जाळीच नाही. प्रत्येक पिक्सेल पडलेला उजेड जसाच्या तसा मोजतो, म्हणून तपशील स्वच्छ येतो आणि कमी प्रकाशातही चित्र टिकतं. तू इतकी वर्षं कृष्णधवलच करतोयस. तुझ्या कामाला याची जागा घेईल असं दुसरं काही इथे मिळत नाही, म्हणून मी हो म्हणतोय.

एक मात्र आताच लक्षात घे. रंगीत फाइलमध्ये नंतर आकाश गडद करता येतं, कारण निळा रंग वेगळा नोंदलेला असतो. इथे ती सोय नाही. पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर लेन्सवर लावूनच फोटो घ्यावा लागेल. शिवाय उजळ भाग एकदा पांढरा फटक झाला की त्यातून काहीच परत मिळत नाही. रंगीत सेन्सरमध्ये निदान एखादा रंग शाबूत राहिला तर थोडी डागडुजी करता येते. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा उजेड, थोडं कमीच ठेवायची सवय लाव. फिल्टरचे पैसे आत्ताच हिशोबात धर.

पत्राच्या शेवटी तू घरच्यांसाठी म्हणून ज्या दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल लिहिलंयस, तो मागवण्याआधी दुसऱ्या नावाने इथेच मिळतो का ते बघ. कंपन्या एकच कॅमेरा निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकतात. कॅननचा 2003 मधला 300डी उत्तर अमेरिकेत डिजिटल रिबेल होता आणि जपानमध्ये किस डिजिटल. मिनोल्टाचे कॅमेरे जपानमध्ये अल्फा, युरोपात डायनॅक्स आणि अमेरिकेत मॅक्सम. 1998 चा फुजीचा टीएक्स-1 जपानबाहेर हॅसलब्लाडच्या नावाने एक्सपॅन म्हणून विकला गेला. नावापेक्षा सेन्सर, बॅटरीचा नंबर आणि वजन ताडून बघ. तिन्ही जुळले तर बहुधा तोच कॅमेरा असतो.

आता वॉरंटीबद्दल, कारण खरी गोची तिथेच होते. वॉरंटी जगभर एकच असते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेक कंपन्यांत ती त्या त्या देशातल्या शाखेने किंवा वितरकाने दिलेली असते आणि तिथेच चालते. कार्डावर दुकानाचा शिक्का, खरेदीची तारीख आणि सीरियल नंबर लागतो. काही ठिकाणी तर बाहेरून आलेल्या कॅमेऱ्याला पैसे घेऊनही हात लावत नाहीत. म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचार: वॉरंटी कंपनीची की दुकानाची, बिघाड झाला तर कॅमेरा कुठल्या देशात पाठवायचा, आणि जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा. दुकानाची वॉरंटी म्हणजे ते दुकान चालू असेतोवरचीच. त्यामुळे किंमत थोडी जास्त पडली तरी जुनं, नाव असलेलं, परत घेण्याची अट स्पष्ट लिहिणारं दुकान निवड. याबाबत मी अगदी आग्रही आहे.

असा माल ग्रे मार्केटचा म्हणतात, म्हणून लोक त्याला नकली समजतात. तसं नाही. वस्तू त्याच कारखान्यातली असते, फक्त ठरलेल्या वाटेने आलेली नसते. अशा समांतर आयातीला परवानगी द्यायची की नाही, हे ट्रिप्स कराराच्या (जागतिक व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदेबाबतचा करार) कलम 6 ने त्या त्या देशावर सोडलंय. कॅमेऱ्यात वायफाय आणि ब्लूटूथ असतं, तेव्हा बिनतारी उपकरणांचा नियमही बघावा लागतो. कंपनी प्रत्येक देशात त्यासाठी वेगळी मान्यता घेते, आणि विक्री थोडीच होणार असेल तर हा खर्च तिला परवडत नाही. एखादं मॉडेल एखाद्या देशात येत नाही, त्यामागे हे एक मोठं कारण असतं. वैयक्तिक वापराच्या एका नगाला काय लागू होतं, ते ऑर्डर देण्याआधी कस्टम्सच्या नियमांत स्वतः वाच. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस.

पार्सलवर किंमत कमी लिहू का किंवा भेटवस्तू म्हणून पाठवू का, असं विक्रेता विचारेल. ठाम नाही म्हण. कायद्याचा प्रश्न तर आहेच, पण पार्सल हरवलं तर विमाही लिहिलेल्या किमतीपुरताच मिळतो. बऱ्याच देशांत शुल्क नुसत्या वस्तूवर बसत नाही, भाडं आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर बसतं. डिजिटल कॅमेरा जगभरच्या शुल्कवर्गीकरणात 8525 या क्रमांकाखाली येतो आणि लेन्स 9002 खाली, त्यामुळे दोन्हींचे दर वेगळे असू शकतात. एकाच खोक्यात मागवलंस तर बिलावर दोन्ही सुटे लिहायला सांग. जादा बॅटरी मात्र परदेशातून मागवू नकोस. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला 2016 पासून बंदी आहे आणि पार्सल अडकून पडतं. तुझ्या पेंटॅक्सला डी-एलआय90 नावाची बॅटरी लागते, तीच पेंटॅक्सच्या के-7 पासून बऱ्याच मॉडेलांत आहे, त्यामुळे ती इकडेतिकडे मिळून जाईल.

भाषेचं तर मी रोज अनुभवतोय. माझा छोटा कॅमेरा जपानच्या बाजारासाठी बनलेला आहे आणि त्यात मेन्यू फक्त जपानी. भाषा बदलायचा पर्यायच नाही. शटर, ॲपर्चर, आयएसओ आकड्यांतच दिसतात, म्हणून फोटो काढताना काही अडत नाही. अडतं ते आतल्या पानांवर. कार्ड पुसायचं आणि सगळी सेटिंग मूळपदावर आणायची, या दोन ओळी परक्या लिपीत सारख्याच अनोळखी वाटतात. फोनचा कॅमेरा पडद्यावर धरून मी पानापानाचं भाषांतर काढलं, वहीत त्याचा नकाशा केला, आणि रोज लागणाऱ्या गोष्टी झटपट मेन्यूत आणून ठेवल्या. आता बोटं आपोआप चालतात. पण तू तुझ्या कॅमेऱ्यासाठी आधीच भाषांच्या यादीच्या पानाचा फोटो विक्रेत्याकडून मागव. एका फोटोत सोक्षमोक्ष लागेल.

व्हिडिओ तू क्वचितच काढतोस, तरी एवढं बघून ठेव. कुठे वीज 50 हर्ट्झची असते, कुठे 60 ची; एकट्या जपानमध्येच पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 आहे. 50 हर्ट्झवर बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. कॅमेरा फक्त सेकंदाला 30 किंवा 60 फ्रेम घेणारा असेल आणि शटर 1/60 सेकंदावर असेल, तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की ते बहुतेक जातात, कारण प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकण्याची पूर्ण आवर्तनं येतात. 1/50 साठी फ्रेम 30 च्याच ठेवाव्या लागतात. चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट छापलेलं असेल तर फक्त वायर बदलायची.

खोकं आलं की उघडताना सलग व्हिडिओ काढ, कुरिअरच्या चिकटपट्टीपासून. बॉडीच्या तळावरचा, खोक्यावरचा आणि वॉरंटी कार्डावरचा सीरियल नंबर जुळतो का ते बघ. लेन्सला टोपी लावून दोन-चार लांब एक्स्पोजर घे आणि ते पूर्ण मोठे करून बघ. बिघडलेले, अंधारातही उजळ दिसणारे पिक्सेल लगेच दिसतील. मग एफ/16 वर आकाशाचा फोटो घे, सेन्सरवर धूळ असेल तर ठिपके उमटतात. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे सगळं उरकायला हवं, म्हणून लग्न-प्रवास असा गडबडीचा काळ टाळूनच ऑर्डर दे. आयातीची आणि शुल्काची पावती जपून ठेव. उद्या कॅमेरा दुरुस्तीला बाहेर पाठवलास, तर जाण्याआधी सीरियल नंबर कस्टम्सकडे नोंदवून घे, नाहीतर परत येताना पुन्हा शुल्क मागतात.

लेन्सबाबत तू निर्धास्त राहा. के माउंट, म्हणजे पेंटॅक्सची लेन्स बसवायची जोडणी, 1975 पासून चालत आलंय, जुन्या लेन्स सगळीकडे सापडतात आणि या बॉडीवर उत्तम बसतात. म्हणून फक्त बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, मागव, लेन्स इथेच शोध. जुनी 50 मिलिमीटरची एखादी चांगली मिळाली तर मला कळव, मीही तीच शोधतोय.

विक्रेत्याला ते तीन प्रश्न आजच पाठव. उत्तर आलं की जसंच्या तसं मला धाड, दोघं मिळून वाचू आणि मगच पैसे भर.

तुझाच,
जुना मित्र