गुग्गुळ वाचवायचा तर ओरण वाचवा : केंद्रीय पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. भूपेंद्र यादव,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री,
नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी पुण्यात आयुर्वेदाचा व्यवसाय करते. सांधे धरलेले, गुडघे सुजलेले, कंबरदुखीने बेजार झालेले रुग्ण रोज येतात आणि योगराज गुग्गुळ, त्रयोदशांग गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ ही नावे माझ्या हातून रोज कागदावर उतरतात. या गोळ्यांमधला गुग्गुळ ज्या झुडपाच्या सालीतून येतो, ते झुडूप रानातून संपत चालले आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदले आहे. त्यानंतर यादीत उरतो तो नामशेष होण्याचाच वर्ग. ते वाचवायचे तर ओरणे, म्हणजे राजस्थानातल्या देवराया, वाचवायला हव्यात, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आपण राजस्थानातल्या अलवरचे खासदार आहात, आपल्याला हे झुडूप नवे नाही. पण ज्यांनी ते कधी पाहिलेले नाही त्यांना ते वाळके सरपणच वाटेल. फार तर पुरुषभर किंवा त्याहून थोडे उंच, फांद्या वेड्यावाकड्या, टोके काट्यासारखी अणकुचीदार. वर्षातला बराच काळ अंगावर पान नसते. पाऊस पडला की बारीक पाने फुटतात आणि लवकरच गळूनही जातात. साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटते, खाली हिरवे अंग दिसते. तिथे चीर दिली की फिकट पिवळा चीक थेंबाथेंबाने बाहेर येतो, हवेवर घट्ट होतो आणि तपकिरी पडतो. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात ते याचेच खडे. औषधात घालण्याआधी आम्ही तो फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात शिजवतो. गुग्गुळ विरघळून काढ्यात उतरतो आणि पुरचुंडीत उरतात सालीचे कपटे, काड्या, बारीक वाळू.

मागणी वाढली तसे सालीवरचे घाव वाढले आणि खोलही गेले. इथेफॉन हे रसायन खोडात घातले तर चीक कित्येक पटींनी वाढतो. शास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली ती ठरावीक मात्रेत वापरण्यासाठी, पण रानात मात्रा कोण मोजणार? भरमसाट चीक देऊन झुडूप वाळून जाते. डिंक गोळा करणाऱ्या गरीब माणसाला यासाठी दोष देणे मला पटत नाही. झुडूप कुणाचेच नाही, आपण आज काढले नाही तर उद्या दुसरा काढून नेईल, हे त्याला पक्के ठाऊक असते. राखणारा कुणी असता तर त्यानेही हात आवरता घेतला असता.

आता कुणी म्हणेल, मग लागवड करा. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने राजस्थान आणि गुजरातमध्ये गुग्गुळाच्या लागवडीसाठी पैसा दिला आहे आणि ते काम चालू राहावे असेच मला वाटते. पण गुग्गुळाची जातकुळी समजून घेतली तर रोपवाटिकेची मर्यादा लगेच कळते. हे झुडूप डिंक देण्याजोगे व्हायला आठ-दहा वर्षे जातात. रानातली बहुतेक झुडपे मादी असतात, नर झुडपे विरळा. परागकण न मिळताही मादी झुडपाला बी धरते, म्हणजे बहुतेक रोपे आईची हुबेहूब प्रत असतात, आणि त्या बियांतूनही उगवून जगणारी थोडीच. रोपवाटिकेत तर फांद्यांचीच कलमे लावतात. एका फांदीपासून हजार कलमे केली तरी ते एकच झुडूप हजार वेळा लावल्यासारखे होते. या जातीत जी काही विविधता शिल्लक आहे, जे थोडे नर आहेत, ते खडकाळ टेकड्यांवर आणि मुरमाड माळांवर आहेत. ती जागा गेली तर ते परत कुठून आणणार?

महोदय, माझे खरे सांगणे या जागेविषयीच आहे.

महसुली दप्तरात मारवाडची आणि कच्छची ही जमीन ‘बंजर’, ‘खराबा’, ‘सिवायचक’ अशा नावांनी पडून असते. शेती नाही, दाट झाडी नाही, म्हणून ती रिकामी धरली जाते. प्रत्यक्षात तिथे गुग्गुळ असतो, फोग असतो, रोहिडा असतो, सेवण गवत असते. फोगाच्या कळ्या मारवाडी घरात दह्यात कालवून खातात, त्याची मुळे वाळूची टेकडी जागच्या जागी धरून ठेवतात, आणि कोळशासाठी नेमकी ती मुळेच खणून काढली जातात. ट्रॅक्टरच्या नांगराने उरलीसुरली उपटली जातात. रोहिडा हे तर राजस्थानचे राज्यपुष्प. त्याच्या लाकडाला मारवाडचे सागवान म्हणतात आणि सागवानाचे जे होते तेच त्याचेही झाले आहे.

ही जमीन पिढ्यान्पिढ्या राखली ती ओरणांनी. आमच्या सह्याद्रीत देवराई असते, कोकणात देवरहाटी, तशी थरमध्ये ओरण आणि आपल्या अलवरमध्ये देवबनी. देवाच्या नावाने सोडलेल्या या रानात गुरे चरतात, पण झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही असा दंडक असतो. राजस्थानात अशी सुमारे २५ हजार ओरणे आहेत आणि त्यांचे क्षेत्र सुमारे ६ लाख हेक्टर आहे असे सांगतात. त्यातली कितीतरी दप्तरात ओरण म्हणून नोंदलेलीच नाहीत, सरकारी पडीक म्हणून आहेत. एखाद्या कंपनीला जमीन दिली गेली की गावकऱ्यांना कळते, आपल्या देवीचे रान आपल्या नावावर नव्हतेच. जैसलमेरच्या देगराय मातेच्या ओरणासाठी लोकांना रस्त्यावर उतरावे लागले ते यामुळेच.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी या प्रश्नावर स्पष्ट निकाल दिला. प्रत्येक ओरणाची पाहणी करून नकाशे करावेत, त्यांना वन म्हणून मान्यता द्यावी आणि वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करावे, असे राजस्थान सरकारला सांगितले. आपल्या मंत्रालयालाही देशभरातल्या देवरायांची पाहणी करून सर्वंकष धोरण आखण्याची शिफारस केली. ही लढाई न्यायालयात गेली तीही अलवरमधूनच. ते धोरण कधी येणार, पाहणी कोणत्या जिल्ह्यापासून सुरू होणार, हे आपण तारखेसह जाहीर करावे. आणि ती पाहणी झाडांच्या दाटीवर करू नये. ओरणात फिरून गवत, झुडपे, कंद, वेली नोंदवणारी माणसे त्यात असावीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे शुष्क प्रदेश केंद्र जोधपूरला आहे, काजरी ही शुष्क प्रदेशावर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. त्याहूनही जाणती माणसे म्हणजे तिथले मेंढपाळ, त्यांना या कामाची मजुरी देऊन सोबत घ्यावे.

दुसरी गोष्ट सौर प्रकल्पांची. आपल्याला कोळशापासून सुटका हवी आहे, मलाही हवी आहे. पण २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेतून सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्प बाहेर आहेत. भडलासारखा २२४५ मेगावॉटचा, ५ हजार हेक्टरांहून मोठा प्रकल्प उभारायलाही त्या जमिनीवर काय उगवते हे कुणाला विचारावे लागत नाही. तारांना धडकून मरणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी निदान न्यायालयात २०२१ पासून विजेच्या तारांचा हिशेब मांडला गेला. तारांखालच्या झुडपांचा हिशेब कुणी मांडत नाही. एका ठरावीक आकारापुढच्या प्रकल्पांची ही सूट काढून घ्यावी, आणि ओरण, गोचर (गायरान) व खडकाळ टेकड्या मुळातच प्रकल्पांच्या यादीतून वगळाव्यात. छतांवर, कालव्यांवर, कालव्याच्या पाण्याने खारवलेल्या शेतांवर आधी जागा शोधावी.

पडीक जमिनीवर झाडे लावणाऱ्यांना गुण देणाऱ्या ग्रीन क्रेडिट या सरकारी योजनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमांत हेक्टरी किमान १,१०० झाडांचा निकष होता. पुढे त्यात बदल झाले, तरी मूळ भर झाडे लावण्यावरच राहिला. वाळवंटावर हा निकष लावणे म्हणजे त्याला मारणे आहे. हिरवे करायच्या नादात विलायती बाभळीने मारवाड आणि कच्छची काय गत केली ते आपण जाणता. आमच्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात, कच्छमध्ये गांडो बावळ.

शेवटी माझ्या व्यवसायाचे. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये जी दुरुस्ती झाली तिने नोंदणीकृत आयुष वैद्यांना आणि ग्रंथोक्त ज्ञानावर औषधे करणाऱ्यांना लाभवाटपाच्या, म्हणजे वनस्पतींपासून होणाऱ्या फायद्यातला वाटा त्या राखणाऱ्यांना देण्याच्या, अटींतून मोकळे केले. मला ही सूट नको आहे. जे झुडूप आमच्या गोळ्यांसाठी मरते आहे त्याच्या राखणीचा खर्च आम्ही उचलायला हवा. रानातला गुग्गुळ घेणाऱ्या प्रत्येक औषध कारखान्याने तो कुठल्या तालुक्यातून आला हे सांगावे, दर किलोमागे ठरावीक रक्कम भरावी आणि ती ज्या गावाने ओरण राखले त्या गावाच्या जैवविविधता समितीला मिळावी. गोळी थोडी महागेल. माझ्या रुग्णांना ते का, हे मी समजावून सांगेन.

याच कायद्याच्या ३८ व्या कलमाने संकटग्रस्त वनस्पतींचे संकलन थांबवण्याचा किंवा नियंत्रित करण्याचा अधिकार राज्यांशी विचारविनिमय करून आपल्याला दिलेला आहे. गुग्गुळासाठी तो वापरताना आदेशात नुसते झुडपाचे नाव घालू नका, ज्या टेकड्यांवर आणि ओरणांत ते टिकून आहे त्यांची गावनिहाय यादीही जोडा. थंडी पडली की चिरा घालण्याचा हंगाम सुरू होतो. त्याआधी हा आदेश निघावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक वैद्य, पुणे