एक तारीख

नागपूर,
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय पंक्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मी इतवारीत, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत होतो. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' या आरोळ्यांत तुझं अर्धंच ऐकू आलं, पण जे आलं ते पुरेसं होतं. नोकरी सोडू का, नागपूरला परत येऊन आपली कंपनी काढू का, असं तू विचारत होतास. मी 'रात्री करतो फोन' म्हणालो आणि केला नाही. तुझा आवाज ऐकला की मला तुला धीरच द्यावासा वाटतो, आणि या प्रश्नाला नुसता धीर चालत नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय.

तुला आमचं काम वरवर माहीत आहे. मुळापासून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यात संत्र्याची बाग बहुतेक वेळा उक्ती विकली जाते. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, दोन-चार ओळींतून चालतो, एखाद्या झाडाखाली उभा राहून वर बघतो आणि आकडा बोलतो. इसार देतो. पुढं भाव चढला तर माल तोडून नेतो, पडला तर बरेचदा इसारावर पाणी सोडून निघून जातो. शेतकऱ्याकडं त्याच्या नजरअंदाजाला उत्तर द्यायला स्वतःचा आकडा नसतो. आपण तो द्यायचा, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झाडावरची फळं मोजून, असं मी २०२१ मध्ये ठरवलं. अजूनही मला ती कल्पना चांगलीच वाटते.

काम अवघड होतं. आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या फळाचा, सौदा ऑगस्ट-सप्टेंबरात होतो, तेव्हा फळही हिरवं आणि पानही हिरवं. पिवळं संत्रं कोणताही प्रोग्राम ओळखेल, पण हिरव्यात हिरवं शोधताना आमचं मॉडेल पहिले आठ महिने चुकत राहिलं. शिवाय कॅमेऱ्याला दिसतो तो झाडाचा बाहेरचा घेर, आतल्या फांद्यांवर किती लागलंय ते दिसत नाही. मग आम्ही साठ झाडं निवडली, आधी फोटो काढले आणि नंतर तोडीच्या वेळी प्रत्येक झाडाची फळं हातानं मोजली. टेस्टिंग करणारा आमचा पोरगा आणि मी, दोघं जमिनीवर बसून शंभर-शंभराचे ढीग लावत होतो. हाताला सालीच्या तेलाचा वास आठवडाभर टिकला. त्या साठ झाडांनी आम्हाला जे शिकवलं ते महिनोन् महिने संगणकासमोर बसून कळलं नव्हतं. दिसणाऱ्या फळांवरून न दिसणारी किती धरायची, ते झाडाच्या वयावर आणि छाटणीवर अवलंबून असतं. तो हिशेब बसला आणि आकडे जुळायला लागले. पंक्या, त्या दिवशीचा आनंद मी कशाच्याही बदल्यात देणार नाही.

नंतर पैसे आले. २०२२ च्या सुरुवातीला तीन जणांनी मिळून एक कोटी दहा लाख घातले. माणसं वाईट नव्हती, हे आधीच लिहून ठेवतो. पण पैसा आला की दर महिन्याला एक फाइल पाठवावी लागते, आणि त्या फाइलमध्ये किती शेतकऱ्यांनी ॲप उतरवून घेतलं तो रकाना सगळ्यात वर असतो. मी वर्षभर त्या रकान्यासाठी काम केलं. चौदा माणसं घेतली. गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ जागा घेतली. गावोगावी मेळावे केले. रकाना वाढत गेला, कारण ॲप फुकट होतं. वर्षाचे बाराशे रुपये मागितले तेव्हा लोक गप्प झाले.

नरखेडकडचे एक काका मला तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, तुमचं मशीन फळं मोजून देते, खरं हाय. पण व्यापारी आला का त्याच्यासमोर आकडा घेऊन उभं कोन राहीन? मी एकटाच ना?" मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या मेळाव्याला गेलो. सगळा धंदा त्या एका वाक्यात होता. मला ते कळायला दीड वर्ष लागलं, कारण मी ज्यांना उत्तर देत होतो ते वेगळेच लोक होते.

२०२३ मध्ये सगळं एकदम आलं. नवीन गुंतवणूक सगळीकडंच आटली होती. बांगलादेशनं आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलेलं, त्यामुळं तिकडं जाणारा माल अडला आणि भाव पडला. भाव पडल्यावर शेतकरी फवारणीचा खर्च कापतो, तो ॲपला पैसे कुठून देणार? जूनमध्ये मी हिशेब मांडला. सात महिन्यांचा पैसा उरला होता. हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईला नाही, टीमला नाही. तुलाही नाही, आठवतं का? तू आषाढीला आला होतास, आपण बर्डीवर तर्री पोहे खाल्ले आणि मी 'मस्त चाललंय' म्हणालो.

आता जे लिहितोय ते अजून कुणाला लिहिलेलं नाही.

गणपतीच्या दिवसांत तो टेस्टिंगचा पोरगा माझ्या टेबलाशी आला. बेसाला टू बीएचके बघितला होता, बँकेला पगाराचा दाखला हवा होता. कागद टाइप करूनच आणला होता. त्यावर 'कायम कर्मचारी' असं लिहिलेलं. माझ्या ड्रॉवरमध्ये कंपनीचा शिक्का होता, त्याची शाई वाळली होती म्हणून त्यानंच पॅडवर दोन थेंब पाणी टाकलं. मी सही केली, शिक्का मारला. त्यात खोटं असं एक अक्षर नव्हतं. तो त्या दिवशी कायमच होता, पगार तेवढाच होता. फक्त जानेवारीपासून तो पगार कुठून येणार हे मला माहीत नव्हतं, आणि त्याला हप्ता वीस वर्षं भरायचा होता. कर्ज मंजूर झालं तेव्हा त्यानं सगळ्यांना पेढे वाटले. मीही खाल्ला.

मी स्वतःला काय सांगत होतो तेही लिहितो, कारण उद्या तूही तेच सांगशील. सांगितलं तर माणसं घाबरतील, चांगली आधी जातील, मग जे वाचू शकलं असतं तेही बुडेल. एक गुंतवणूकदार 'बघतो' म्हणालाय, तो देईलच. प्रमुखानं धीर सोडायचा नसतो. प्रत्येक वाक्य ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण त्या पाच महिन्यांत चौदा घरांनी निर्णय घेतले, कुणी लग्नाची तारीख काढली, कुणी गाडी घेतली, कुणी दुसरीकडची ऑफर नाकारली. त्या निर्णयांसाठी लागणारी माहिती माझ्या खिशात होती आणि मी ती दिली नाही.

दिवाळीनंतर सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. आरडाओरडा झाला नाही. बँकेतले आकडे फळ्यावर लिहिले, कुणीतरी पंखा बंद केला म्हणजे नीट ऐकू येईल. सगळे उठून गेल्यावर तो टेस्टिंगचा पोरगा मागं थांबला आणि म्हणाला, "सर, गणपतीत सांगितलं असतं तर मी बुकिंग सोडून दिलं असतं. पन्नास हजार गेले असते, बस." आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. खरं म्हणजे त्यानं ओरडायला हवं होतं.

तो आता पुण्यात आहे, तुझ्याच बाजूला कुठंतरी. बेसाच्या फ्लॅटमध्ये त्याची आई एकटी राहते. त्याचा राहिलेला दीड महिन्याचा पगार मी मार्चपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी दिला. दिवाळीत त्याच्या आईकडं जातो, त्या चिवडा देतात, मुलाची चौकशी मीच जास्त करतो.

आम्ही पाच जण उरलो. आयटी पार्कची जागा सोडून प्रतापनगरात दोन खोल्या घेतल्या. मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीत एकाच कूलरवर दिवस काढले, दुपारी आळीपाळीनं पाणी भरायचं, एकदा मोटर जळाली तर ओला टॉवेल मानेवर घेऊन कोड लिहिला. आणि त्याच उन्हाळ्यात मी त्या नरखेडच्या काकांच्या अंगणात परत गेलो, वही घेऊन. एकटा शेतकरी आकड्याचं काय करणार, हा त्यांचा प्रश्न होता. मग एकटा नसलेला शेतकरी कोण? शेतकरी उत्पादक कंपनी. दोनशे-तीनशे बागायतदारांचा माल एकत्र विकायचा तर किती टन निघेल हे महिनाभर आधी कळावं लागतं, नाहीतर मोठ्या खरेदीदाराला शब्द देता येत नाही. त्यांना आमचा आकडा हवा होता आणि त्याचे पैसे द्यायची तयारी होती. आज अशा अकरा कंपन्या आमच्या गिऱ्हाईक आहेत. ॲप कुणी उतरवून घेत नाही, आमचीच पोरं बागेत जाऊन मोजून येतात. गुंतवणूकदारांना हे छोटं वाटतं. त्यांचं गणित वेगळं आहे, मला मान्य आहे.

आता तुझ्या उपयोगाचं. कंपनी काढणं सोपं झालंय, नोंदणी ऑनलाइन होते, स्टार्टअपची मान्यताही मिळते. एंजल टॅक्स म्हणून, कंपनीत आलेल्या गुंतवणुकीवरच्या कराची, जी डोकेदुखी २०१२ पासून होती तीही २०२४ च्या अर्थसंकल्पात गेली. त्याची भीती धरू नकोस. भीती धर ती तारखांची. एकला पगार. सातला टीडीएस. पंधराला पीएफ. वीसला जीएसटी. तू सेवेचं बिल फाडलंस की त्यावरचा जीएसटी तुला भरावा लागतो, समोरच्यानं पैसे दिले असोत की नसोत. आमच्या एका मोठ्या गिऱ्हाईकानं सहा महिने बिल अडकवलं होतं. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत मिळायला हवेत, पण कायदा दाखवला की पुढचं काम जातं, म्हणून आपण गप्प बसतो. त्या सहा महिन्यांचा कर मी आईच्या एफडीतून भरला. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद, पहिल्याच दिवशी कर, आणि ऑर्डर घेतानाच पैसे कधी मिळणार ते लिहून घे. मैत्रीत असशील तर आणखी स्पष्ट लिहून घे.

आणि आता दर महिन्याच्या एक तारखेला, पगार टाकल्यावर, मी सगळ्यांना बँकेतली शिल्लक दाखवतो. पैसा किती महिने पुरेल, तो आकडा फळ्यावर असतो. सध्या तिथं नऊ आहे. फेब्रुवारीत तीन होता. तीन होता तेव्हा एक मुलगी गेली, तिला लग्नाचा खर्च होता. तिच्यासाठी मी स्वतः दुसरीकडं शब्द टाकला. बाकीचे राहिले आणि त्यांनीच दोन नवी कामं आणली. लपवलं असतं तर ती कामं आणायची गरज आहे हे त्यांना कळलंच नसतं.

तू येशील तर मला अतोनात आनंद होईल हे वेगळं सांगायला नको. इथं माणसं मिळतात. आपल्या कॉलेजांतून निघालेली, पुण्याला जाऊन परत आलेली, आईवडिलांजवळ राहायचंय म्हणून निम्म्या पगारावरही मन लावून काम करणारी. म्हणूनच सांगतो, निम्म्या पगारावर आलेल्या माणसाचं आपल्यावर जास्त ऋण असतं.

राजीनामा अजून देऊ नकोस. वहिनींना आधी हे पत्र वाचायला दे, पूर्ण. मग एका कागदावर हातानं लिही: घराचा महिन्याचा खर्च, हप्ते, पिल्लूची शाळा, काकांची औषधं, आणि हातात किती महिने आहेत. तो आकडा वहिनींना माहीत असू दे.

नोव्हेंबरात तोड सुरू होईल. दुसऱ्या शनिवारी पहाटे साडेपाचला मी काटोलकडं निघतो, गाडीत एक जागा ठेवतो. तो कागद घेऊन ये. पिल्लूसाठी काल लाकडी बैल घेऊन ठेवलाय, शिंगांना लाल गोंडे आहेत. तोही तेव्हा घेऊन जा.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
मन्या