मंडळाच्या ठरावातले सूचक आणि अनुमोदक खरे असावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढ लागला की गावोगावच्या तरुण मंडळांच्या सभांना सुरुवात होते. वर्गणी किती धरायची, मांडव कोणाला द्यायचा, मिरवणुकीत काय वाजवायचे, गेल्या वर्षीच्या शिलकीचे काय झाले, हे सारे विषय एकाच रात्री आणि एकाच वेळी निघतात. ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याच्यामागे माणसे जास्त, त्याचे म्हणणे पुष्कळदा सभेचा निर्णय ठरते. सातारा जिल्ह्यातील अशा एका मंडळाचा मी अकरा वर्षे चिटणीस होतो. विधिमंडळात आणि संसदेत सभा चालवण्याचे जे नियम आहेत, त्यांतील मोजके चार-पाच नियम तरुण मंडळांनी मनापासून पाळायला घ्यावेत, असे मला त्या अनुभवावरून आग्रहाने सांगायचे आहे. सभेत जो एकटा पडतो त्याला या नियमांखेरीज दुसरा आधार नसतो.

बहुतेक मंडळांत प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेचे कामकाज नोंदवायची वही, असते, पण ते सभेत उघडले जात नाही. चिटणीस दोन-चार दिवसांनी घरी बसून इतिवृत्त लिहितो, ठराव मांडणारा सूचक म्हणून एक नाव घालतो, त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक म्हणून दुसरे घालतो आणि खाली ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असे लिहून मोकळा होतो. पहिली तीन वर्षे मीही हेच केले, आणि त्यात काही चुकते आहे असे मला वाटले नाही. पुढे कार्यकारिणी बदलली, मंडळात दोन गट पडले आणि दोघांनीही आपापली सभा झाल्याचे सांगत आपापले इतिवृत्त पुढे केले. बँकेने सह्यांचे अधिकार बदलण्यासाठी ठरावाची प्रत मागितली, तेव्हा तिच्यापुढे दोन प्रती आल्या आणि तिने साहजिकच व्यवहार थांबवला. नोंदणीकृत मंडळाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार कार्यकारिणीतील बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. तेथे चेंज रिपोर्ट दाखल झाला, त्यावर हरकत आली, आणि मग सभेची सूचना कोणाला केव्हा मिळाली, हजेरीवरील सह्या कोणाच्या, ठराव कोणी मांडला, असे प्रश्न आम्हाला विचारले गेले. त्यांपैकी एकाचेही खरे उत्तर आमच्या वहीत नव्हते. जिच्यावर मी स्वतःच्या हाताने सर्वानुमते असे लिहिले होते, ती वही त्या दिवशी कोणाच्याच कामी आली नाही.

त्यानंतर आम्ही सभेची रीत बदलली. विषयपत्रिका सात दिवस आधी समाजमंदिराच्या फळ्यावर लागू लागली. सभेत आधी मागील सभेचे इतिवृत्त वाचायचे, दुरुस्ती असल्यास तेथेच करून ते कायम करायचे आणि मगच पुढे जायचे. एका वेळी एकच विषय घ्यायचा, आणि त्या विषयावर नुसती चर्चा न करता आधी कोणीतरी लेखी ठराव मांडायचा. ही शेवटची अट सगळ्यांत अवघड गेली, कारण मोघम बोलणे सोपे असते आणि नेमके वाक्य लिहिणे कठीण. पण तिच्यामुळेच निम्मी भांडणे मिटली. ‘पैशांचे काहीतरी चांगले करू या’ यावर तासभर वाद घालता येतो. ‘शिल्लक रकमेतून मंडळाने स्वतःचा ध्वनिक्षेपक संच विकत घ्यावा’ या वाक्यावर बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यावाचून गत्यंतर नसते.

हाच ठराव आमच्याकडे प्रत्यक्षात आला होता. काही मुलांना त्याच पैशांतून अभ्यासिकेसाठी टेबल-खुर्च्या हव्या होत्या. पूर्वी अशा वेळी दोन टोळकी उठून जात आणि राहिलेले भांडण कट्ट्यावर चाले. या खेपेस एका सदस्याने उपसूचना मांडली की, संचासाठी निम्मीच रक्कम वापरावी आणि उरलेली अभ्यासिकेला द्यावी. नियम असा आहे की आधी उपसूचनेवर मत घ्यायचे, ती मंजूर झाली तर मूळ ठरावात तसा बदल करायचा आणि मग सुधारलेल्या ठरावावर पुन्हा मत घ्यायचे. दोनदा मते घेणे काहींना वेळकाढूपणा वाटला. परंतु उपसूचना हवी असलेला माणूस सुधारलेल्या ठरावाच्याही बाजूने असेलच असे नाही, आणि ही दोन मते वेगळी घेतली नाहीत तर सभेला नक्की काय हवे होते ते कोणालाच कळत नाही. उपसूचना थोड्या मतांनी मंजूर झाली, सुधारलेला ठराव बऱ्याच मतांनी. विरोधात गेलेल्यांची नावे त्यांच्याच मागणीवरून वहीत लिहिली गेली. ती माणसे मंडळ सोडून गेली नाहीत. आपले म्हणणे पूर्ण ऐकले गेले आणि लिहिले गेले, एवढ्याने माणूस हरूनही टिकून राहतो, हे मी तेव्हा पाहिले.

आम्ही आणखी एक नियम केला होता, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यांना बोलायचे आहे पण अजून संधी मिळालेली नाही अशांचे बोलून होईपर्यंत, त्याच विषयावर कोणीही दुसऱ्यांदा उभे राहायचे नाही. आमच्या मंडळात तेव्हा मुली नव्याने सदस्य झाल्या होत्या. त्या भिंतीलगत बसत आणि सभा संपली की निघून जात. हा नियम आल्यावर त्यांच्यातील एकीने हिशोबाच्या विषयावर विचारले की, वर्गणीच्या पावतीपुस्तकांपैकी दोन पुस्तकांच्या स्थळप्रती (पावती फाडल्यावर मागे राहणाऱ्या प्रती) जमा झालेल्या नाहीत, तर त्या पुस्तकांची रक्कम हिशोबात कशाच्या आधारे धरली आहे? सभा शांत झाली. पुस्तके पुढच्या आठवड्यात जमा झाली. हा प्रश्न आमच्यापैकी अनेकांच्या मनात होता, पण ज्यांच्या ताब्यात पुस्तके होती त्यांच्याशी रोजची उठबस असल्यामुळे तो विचारायला कोणी धजत नव्हते. अध्यक्षांना उद्देशून बोलायचे, समोरच्या माणसाला उद्देशून नाही, या संसदीय पद्धतीचा उपयोग अशा वेळी समजतो. प्रश्न व्यक्तीवर न जाता सभेपुढे येतो.

अध्यक्षपदाविषयी मात्र आपल्याकडे फार मोठा गैरसमज आहे. मंडळाचा अध्यक्ष म्हणजे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बोलणारा, अशी समजूत असते. संविधानाच्या अनुच्छेद १०० मध्ये लोकसभेच्या अध्यक्षाने प्रथम मत द्यायचे नाही आणि समसमान मते पडली तरच निर्णायक मत द्यायचे, असे स्पष्ट म्हटले आहे. राज्यांच्या विधानसभांसाठी अनुच्छेद १८९ मध्ये तीच तरतूद आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर हे मराठी भाषक होते आणि त्याआधी मुंबई प्रांताच्या विधानसभेचेही अध्यक्ष होते, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे. मंडळाच्या अध्यक्षाला एखाद्या विषयावर जोरकस मत मांडायचे असेल, तर त्याने तेवढ्या विषयापुरती खुर्ची उपाध्यक्षाकडे द्यावी आणि सदस्यांत येऊन बोलावे. आमच्या अध्यक्षांनी हे पहिल्यांदा केले, तेव्हा वयाने लहान असलेल्या मुलांनी त्यांच्या मताविरुद्ध हात वर केले. यापूर्वी तसे कधी घडले नव्हते.

हे सारे इंग्रजांकडून घेतलेले आहे, आपल्या गावाच्या रीतीत ते बसत नाही, असा आक्षेप ज्येष्ठ मंडळी घेतात. त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण जरूर वाचावे. भिक्षूसंघांना बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी), मतमोजणी, गुप्त मतदान, निंदेचा ठराव यांचे नियम माहीत होते आणि भगवान बुद्धांनी ते त्या काळच्या राजकीय सभांतून घेतले असावेत, असे बाबासाहेबांनी त्यात सांगितले आहे. संघात मतासाठी शलाका म्हणजे काड्या वापरत आणि त्या गोळा करण्यासाठी विश्वासू भिक्षू नेमलेला असे. त्यामुळे हात वर करून मत मोजणे या भूमीला परके आहे, असे मला मान्य नाही.

नियमांचा दुरुपयोगही होतो, हे मी नाकारत नाही. ऊठसूट हरकतीचा मुद्दा काढून सभा अडवणारे असतात. त्याहून वाईट प्रकार गणपूर्तीचा. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेता येते आणि तिला गणपूर्तीची अट नसते, अशी तरतूद अनेक संस्थांच्या नियमावलीत असते. तिचा आधार घेऊन मुद्दाम गैरसोयीची वेळ ठेवायची आणि पाच जणांत मोठे निर्णय उरकायचे, असे चालते. ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली पैशांचा ठराव आणणे हाही तसाच प्रकार. खर्चाचा आणि निवडीचा कोणताही विषय आयत्या वेळी घेतला जाणार नाही, एवढे एक वाक्य प्रत्येक मंडळाने आपल्या नियमावलीत घालावे.

शाळा-महाविद्यालयांतून युवा संसद भरते. दिल्लीच्या शाळांत १९६६-६७ पासून सुरू झालेला हा उपक्रम मला आवडतो. परंतु त्यात मुले मंत्र्यांच्या आणि विरोधकांच्या भूमिका पाठ करून येतात; निकाल संहितेत आधीच लिहिलेला असतो. स्वतःच्या वर्गणीचे पैसे, स्वतःच्या गल्लीतला मांडव आणि रोज भेटणारा मित्र समोर विरोधात उभा, अशा स्थितीत ठराव मांडून हरण्याचा अनुभव तिथे मिळत नाही. तो मंडळातच मिळू शकतो. म्हणून महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत एक संध्याकाळ खऱ्या सभेसाठी ठेवावी आणि शिबिराचाच एखादा खर्च मुलांनी ठराव, उपसूचना व मतमोजणी करून ठरवावा, अशी माझी कार्यक्रमाधिकाऱ्यांना विनंती आहे.

या पत्रासोबत आमच्या मंडळात वापरात असलेला एका पानाचा नमुना जोडला आहे. त्यात सभेची सूचना, हजेरी, ठरावाचे नेमके शब्द, सूचक, अनुमोदक, उपसूचना, बाजूची व विरोधातील मते, नोंदवलेला विरोध आणि सभा संपल्याची वेळ एवढेच रकाने आहेत. इतिवृत्त सभेतच लिहून, वाचून दाखवून, त्यावर अध्यक्षांची सही तेथेच घ्यावी, अशी सूचना त्याच्या तळाशी आहे. गणेशोत्सवाच्या सभा सुरू होण्यापूर्वी आपल्या दैनिकात त्याला जागा मिळाली तर मंडळांना तो कापून वहीत चिकटवता येईल.

आपला,
एका तरुण मंडळाचा माजी चिटणीस,
जि. सातारा