बॉस्टनहून: माझ्या नव्या मंडळीविषयी

प्रिय आई-बाबा,

जय ख्रिस्त.

परवा फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून सविस्तर लिहिते. माझं ठरलंय. इथल्या कॉपली स्क्वेअरच्या ट्रिनिटी चर्चची मी सभासद होतेय, ते एपिस्कोपल पंथाचं आहे. मंजूआत्याच्या वेळी झालं तसं काही होणार नाही, हे आधीच सांगते.

बाबा, पहिलं म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा नाही. एपिस्कोपल चर्च बाप्तिस्मा एकदाच मानतं. नगरला तुम्ही मला कडेवर घेऊन उभे होतात ना, तोच बाप्तिस्मा इथेही धरतात. आणि पोपचा इथे काही संबंध नाही. मेणबत्त्या आहेत, झगे आहेत, गुडघे टेकणं आहे, पण हे मूळचं इंग्लंडच्या चर्चचं घराणं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडमध्ये बिशप व्हायला तिथल्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, त्यावर गाडी अडली, तेव्हा सॅम्युएल सीबरी १७८४ साली स्कॉटलंडला जाऊन बिशप होऊन आले. १९७० साली नागपूरला आपलं सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं, त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोकही होते. म्हणजे आपण भाऊबंदच की! गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, त्यांना पाठवणारी अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्थाही याच बॉस्टनची. ते काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप नसलेल्या पंथाचे होते, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते.

विश्वास तोच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. रविवारी सगळे उभे राहून निकेयाचा विश्वासांगीकार म्हणतात. जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान असे पाठ ठरलेले असतात. शुभवर्तमान वाचायला पुस्तक वेदीवरून खाली लोकांत आणतात आणि सगळे तिकडे तोंड करून उभे राहतात. शास्त्र, परंपरा आणि बुद्धी, तिन्हींना मान आहे. प्रश्न विचारला म्हणून कोणी डोळे वटारत नाही. (बाबा, मी लहानपणी योनाच्या माशावरून तुमचं डोकं खायचे, आठवतं?) छापील प्रार्थना तुम्हाला कोरड्या वाटतील. कामावरून दमून आल्यावर मला मात्र ते तयार शब्द बरे वाटतात.

आई, तुझी शंका प्रभुभोजनाच्या पेल्याची. हो, सगळ्यांना एकच पेला, आणि त्यात खरी वाइन. पेला फिरवून कडा पुसतात. नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण होतं, तू आलीस की तसंच कर. वेदीपाशी पाळक म्हणून बाईही असते. अख्ख्या अँग्लिकन जगातली पहिली स्त्री बिशप, बार्बरा हॅरिस, १९८९ साली बॉस्टनलाच झाली.

एक गोष्ट लपवत नाही. २०१५ साली एपिस्कोपल चर्चने समलिंगी जोडप्यांच्या लग्नांनाही मान्यता दिली. बाबांना हे पटणार नाही, माहीत आहे. त्यावर भेटल्यावर बोलू, फोनवर नको.

पीडब्ल्यूडीवाल्या माणसासाठी खास: ही इमारत भराव घातलेल्या दलदलीत साडेचार हजारांच्या आसपास लाकडी खांबांवर उभी आहे. खांब पाण्याखाली राहिले तरच टिकतात, म्हणून जमिनीतल्या पाण्याची पातळी सतत पाहावी लागते. १८७७ पासून उभी आहे. तुम्ही आलात की तासभर तिथेच घालवाल आणि मी आईला घेऊन समोरच्या लायब्ररीत बसेन. आत गरम असतं, स्वेटरची चिंता नको. जेवणाचं म्हणशील तर ज्वारीचं पीठ इथे मिळतं, भाकरी अजून तुझ्यासारखी फुगत नाही एवढंच.

आता कामाचं. आपल्या पाळकसाहेबांकडून माझ्या बाप्तिस्म्याचा आणि सभासदत्वाचा दाखला घ्या, शिक्क्यासकट, आणि फोटो काढून पाठवा. पिंटूला घेऊन रिक्षाने जा. बाबा, स्कूटर काढायची नाही म्हणजे नाही. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, आणि लोणचं बंद. आई, तू त्यांना चोरून देतेस हे मला कळतं.

दाखला मिळाला की लगेच फोन करा, इथे रात्र असली तरी चालेल.

तुमची,
बेबी