नुसत्या पथ्यानं भागत नाही, नंदू

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू अभिमानानं सांगितलंस, ‘मीठ तोडलंय, आता डोकं पुन्हा चालायला लागेल.’ पथ्य सोडू नकोस, पण डोक्याची सगळी भिस्त त्यावर ठेवू नकोस.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथाल यांच्या गटानं हेच तपासलं होतं. 2018च्या डिसेंबरात निष्कर्ष छापून आले. माणसं अगदी आपल्या जातकुळीची: पंचावन्नच्या पुढची, बैठी, बीपी वगैरे मागे लागलेलं, विचार करताना अडखळणारी, पण डिमेन्शिया नसलेली. अशा 160 जणांचे चार गट पाडले. एकाला फक्त व्यायाम, एकाला फक्त डॅश आहार, एकाला दोन्ही आणि उरलेल्यांना आरोग्याची नुसती माहिती. डॅश म्हणजे तुझंच पथ्य रे: फळं, भाज्या, अख्खी धान्यं, साय काढलेलं दूध, मीठ बेतानं.

सहा महिन्यांनी काय दिसलं? व्यायाम करणारे सुधारले. नुसता आहार पाळणाऱ्यांत ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. पण दोन्ही करणारे सगळ्यांच्या पुढे गेले. सुरुवातीला सरासरी पासष्टीच्या या लोकांचे चाचण्यांतले गुण त्र्याण्णव वर्षांच्या माणसासारखे होते! दोन्ही करणाऱ्यांचे चौऱ्याऐंशीवर आले. नुसती माहिती ऐकणारे उलट किंचित घसरले. (आपण दोघं आजवर त्याच गटात मोडतो.)

आता तुझ्या तक्रारीकडे येतो. नावं आठवत नाहीत म्हणतोस ना? या प्रयोगात स्मरणशक्ती सुधारली नाही, भाषाही नाही. सुधारली ती कामाची आखणी करण्याची, लक्ष टिकवण्याची, एका कामातून दुसऱ्यात सहज शिरण्याची क्षमता. तेव्हा वर्गातल्या पोरांची नावं आठवतील या आशेनं चालायला लागशील तर महिन्याभरात वैतागून सोडून देशील. पण बँकेची कामं, औषधांच्या वेळा, प्रवासाची तिकिटं या गोंधळात तू हल्ली गांगरतोस, तिथे फरक पडू शकतो. गट लहान होते, हेही ध्यानात ठेव. एका गटात जेमतेम चाळीस माणसं.

व्यायाम काही पैलवानी नव्हता. आठवड्यातून तीनदा, आधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, मग पस्तीस मिनिटं सलग चालायचं किंवा जागच्या सायकलवर पाय मारायचे. पहिले तीन महिने कुणीतरी लक्ष ठेवायला, पुढचे तीन घरच्या घरी. सलग, हा शब्द मुद्दाम लिहिलाय. बागेत दर बाकावर टेकत गप्पा हाणणं यात धरू नकोस. ज्यांचा दम वाढला आणि ज्यांच्या खाण्यातलं मीठ घटलं, त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. म्हणजे तुझं मीठ अगदीच वाया जात नाहीये.

डॉक्टरांना विचारून सुरू कर, बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नकोस. आणि वहिनींना सांग, पापड तळण्याऐवजी भाजला तरी त्यातलं मीठ तेवढंच राहतं.

तुझा,
बाळू