पाटी ताणली की कोपराही ताणला जातो

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या अपडेटनंतर गोल कोपऱ्यांची त्रिज्या बिघडत असल्याबाबत

महोदय,

नारायण पेठेत माझं अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यांचं दुकान आहे. डिझाइन तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी करतो, लेझर कटिंग बाहेरून करून घेतो. माझ्या पाटीचे दोनच कोपरे गोल असतात, वरचा डावा आणि खालचा उजवा. त्रिज्या 13.5 मिमी. का, तर दहा रुपयांचं नाणं 27 मिमीचं असतं; ते कोपऱ्यावर ठेवलं की कटिंग बरोबर आलंय की नाही ते तिथल्या तिथे कळतं.

गेल्या महिन्यात एका सोसायटीच्या 24 पाट्यांसाठी 240 मिमी रुंदीची जुनी फाइल ओढून 300 केली, उंची तीच ठेवली. पूर्वी असं केलं तरी कोपरा हलत नसे. आता तोही ताणला जातो : उभा 13.5, आडवा जवळजवळ 17. कोपऱ्यांचं माप आकारासोबत बदलायचा पर्याय मी बंदच ठेवलेला आहे. आणि पॅनेलमध्ये आकडा अजूनही 13.5 च दिसतो, खरा राग त्याचा आहे. नंतर नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, उघडून पाहिले. या त्रिज्येला दोन्ही हँडल (नोडमधून निघून वळण ठरवणाऱ्या दांड्या) साधारण 7.46 मिमी हवीत (त्रिज्येच्या 0.5523 पट), आडवं 9.32 निघालं.

पाट्या कापून आल्या, नाणं ठेवलं, तर एका अंगाला फट. सोसायटीच्या सेक्रेटरींना नाण्याचीही गरज पडली नाही. "कोपरा घसरल्यासारखा का दिसतोय हो?" एवढंच म्हणाले. सगळा लॉट पुन्हा कापावा लागला.

तुमच्याकडून पहिलं उत्तर आलं : कॅशे साफ करा. दुसरं : आकार आधी साध्या पाथमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषेत बदला, मग ओढा. उत्तर देणाऱ्याने हे एकदा स्वतः करून पाहावं. पाथ केल्यावर कोपरा हा कोपरा राहतच नाही, नुसते नोड उरतात. मग तो ताणला जाणारच, वर त्रिज्या बदलायची सोयही गेली.

अ‍ॅक्रिलिकचे पैसे मी मागत नाही. फाइल न मोजता पाठवली, ती चूक माझी. पण दुरुस्ती होईपर्यंत आधीची आवृत्ती उतरवून घेण्याची लिंक द्या आणि तेवढे दिवस वर्गणीत वाढवून द्या. मूळ फाइल, पॅनेलचा स्क्रीनशॉट आणि नाणं ठेवलेल्या पाटीचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
एक वार्षिक वर्गणीदार
नारायण पेठ, पुणे